स्फुरद, स्टिकर आणि कृत्रिम पाऊस: तिन्हींशी नाते असलेले शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर

नांदेड-लातूर भागातल्या तीन नेहमीच्या गोष्टी घ्या. सोयाबीनच्या पेरणीला आपण डीएपी देतो, पण त्यातले बरेचसे स्फुरद पहिल्या हंगामात पिकाला मिळत नाही. अर्धापूरच्या केळीच्या पानावर नुसते पाणी फवारले तर ते मण्यासारखे घरंगळते, त्यात स्टिकर घातले की पसरते. आणि पावसाने ओढ दिली की कृत्रिम पावसाची चर्चा सुरू होते.

या तिन्ही गोष्टींचा संबंध एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या कामाशी येतो. त्यांचे नाव आयर्विंग लँगम्यूर. त्यांच्या यशातून शिकण्यासारखे आहे, तसेच त्यांच्या चुकीतूनही.

बालपण आणि शिक्षण

लँगम्यूर यांचा जन्म ३१ जानेवारी १८८१ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. आई-वडिलांनी मुलांना निसर्गात जे दिसेल ते टिपून ठेवण्याची सवय लावली होती. अकराव्या वर्षी त्यांची नजर अधू असल्याचे लक्षात आले. त्यावर उपाय झाला आणि तोवर न दिसलेले बारकावे दिसू लागले. बारकाईने पाहण्याची ही सवय पुढे जन्मभर टिकली.

कोलंबिया विद्यापीठातून १९०३ मध्ये त्यांनी धातुशास्त्राची अभियांत्रिकी पदवी घेतली. जर्मनीतील गॉटिंगेन येथे १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. नंतर तीन वर्षे त्यांनी अमेरिकेत एका अभियांत्रिकी संस्थेत शिकवले. १९०९ च्या उन्हाळी सुटीत ते स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायला गेले आणि निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९५० पर्यंत, तिथेच राहिले.

दिव्यापासून सुरुवात

त्या काळी विजेच्या दिव्यातील काच आतून काळी पडत असे. दिव्यात थोडी हवा राहत असल्याने असे होते, असा समज होता. म्हणून सगळे जण आतील हवा आणखी काढून टाकण्याच्या मागे होते. लँगम्यूर यांनी उलटे केले. दिव्यात वेगवेगळे वायू मुद्दाम सोडून काय होते ते पाहिले. तापलेल्या तारेतून टंगस्टन धातूची वाफ होते आणि ती काचेवर बसते, हे त्यांना आढळले. दिव्यात नायट्रोजन किंवा अरगॉन भरला आणि तार वेटोळी केली की वाफ कमी होते. १९१३ च्या सुमारास आलेला हा दिवा विजेची मोठी बचत करणारा ठरला.

या प्रयोगांतच त्यांचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेले. तापलेल्या तारेजवळ हायड्रोजनचे रेणू फुटून सुटे अणू होतात आणि ते काचेला चिकटून बसतात. किती चिकटतात हे मोजल्यावर तो थर फक्त एका अणूइतका जाड असल्याचे दिसले. पृष्ठभागावर काय घडते, हाच पुढे त्यांच्या कामाचा मुख्य विषय झाला.

एसटीच्या सीटचा हिशेब

लँगम्यूर यांची कल्पना एसटीच्या उदाहरणाने लगेच समजते. गाडीत सीट ठरलेल्या असतात. प्रवासी वाढत जातात तशा सीट भरतात. सगळ्या भरल्या की आणखी कितीही प्रवासी आले तरी बसलेल्यांची संख्या वाढत नाही. त्यांच्या मते पृष्ठभागावरही रेणूंना बसायला अशा ठरावीक जागा असतात. १९१८ मध्ये त्यांनी हे समीकरणाच्या रूपात मांडले.

उत्प्रेरक कसे काम करतो, हेही यातून उलगडले. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्च न होता रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ. कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांची क्रिया प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर होते. तिचा अभ्यास त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात उलट वाटणारी गोष्ट दिसली. कमी तापमानाला कार्बन मोनॉक्साइड जास्त दिला तर क्रिया मंदावते. कारण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा तो सगळ्या जागा अडवतो आणि ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही.

युरियासाठी लागणारा अमोनियाही कारखान्यात लोखंडाच्या उत्प्रेरकावरच तयार होतो. तिथेही नायट्रोजनला आधी पृष्ठभागावर जागा मिळावी लागते. गंधकासारखे पदार्थ ती जागा अडवतात, म्हणून कारखान्यात वायू आधी शुद्ध करून घेतात.

तेलाचा थर आणि आपले स्टिकर

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७४ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते. चमचाभर तेल तळ्यावर ओतले तर ते सुमारे अर्धा एकर, म्हणजे २० गुंठे पाण्यावर पसरते. जर्मनीतील अ‍ॅग्नेस पॉकेल्स या बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात अशा थरांचे मोजमाप केले आणि ते १८९१ मध्ये छापून आले. लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये त्यामागचे कारण स्पष्ट केले. हा थर एकाच रेणूचा असतो. त्यातील प्रत्येक रेणू पाण्याची ओढ असलेले टोक खाली आणि तेलकट शेपूट वर करून उभा असतो.

फवारणीतील स्टिकरचे रेणू असेच दोन टोकांचे असतात. एक टोक पाणी धरते, दुसरे पानावरील मेणाला धरते. त्यामुळे थेंब गोळा न होता पसरतो. त्यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी असे थर काचेवर एकावर एक चढवण्याची पद्धत विकसित केली. या पृष्ठभाग रसायनशास्त्रासाठी लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

काळ्या जमिनीतील स्फुरद

मृदाशास्त्रज्ञ आजही जमीन किती स्फुरद धरून ठेवते हे मोजायला लँगम्यूर यांचे समीकरण वापरतात. आपल्या भागातील काळी जमीन चिकणमातीची आणि बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त आहे. खतातील स्फुरद मातीच्या कणांवर आणि चुन्यावर जाऊन बसते. पुढे त्याचे चुन्याबरोबर सहज न विरघळणारे संयुग बनते. खत रानभर फोकून दिले की त्याची जास्तीत जास्त कणांशी गाठ पडते. तेच पेरून दिले तर कमी मातीशी संपर्क येतो आणि मुळांना जास्त मिळते.

ढगांचा ध्यास आणि झालेली चूक

दुसऱ्या महायुद्धात लँगम्यूर आणि त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर विमानांवर बर्फ का साचतो, याचा अभ्यास करत होते. १९४६ मध्ये शेफर यांना फ्रीजरमधील प्रयोगात दिसले की कोरडा बर्फ टाकताच अतिथंड ढगात हिमकण तयार होतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी विमानातून खऱ्या ढगात तो टाकला. बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग दाखवला. कृत्रिम पावसाची सुरुवात इथून झाली.

इथवर सारे बरोबर होते. पण लँगम्यूर पुढे फार मोठे दावे करू लागले. ऑक्टोबर १९४७ मध्ये समुद्रातील एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकला गेला. नंतर ते वळून जॉर्जिया राज्यात शिरले. हे आपल्या प्रयोगामुळेच घडले, असे त्यांना वाटले. पुढे न्यू मेक्सिकोत दर आठवड्याला ठरावीक दिवशी सिल्व्हर आयोडाइड सोडले गेले आणि दूरच्या राज्यांतील पाऊस त्यामुळेच बदलला, असे ते सांगू लागले. हवामान खात्यातील तज्ज्ञांना हे पटले नाही. प्रयोग केला नसता तर काय झाले असते, याची तुलनाच त्यात नव्हती.

नवल म्हणजे १९५३ मध्ये लँगम्यूर यांनीच एका व्याख्यानात शास्त्रज्ञ स्वतःच्या इच्छेला पुरावा कसा समजतात हे उदाहरणांसह सांगितले. ढगांबाबत मात्र त्यांचे मत अखेरपर्यंत बदलले नाही. १६ ऑगस्ट १९५७ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठवाड्यासाठी याचा अर्थ

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. अशा वेळी विमान उडाले आणि पाऊस पडला, एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात काही ढगांत कॅल्शियम क्लोराइड सोडले आणि काही तसेच ठेवून तुलना केली. त्यात सरासरी सुमारे १८ टक्के जास्त पाऊस आढळला. पण त्यासाठी आधी योग्य ढग हवेत. कोरड्या आभाळातून पाऊस पाडता येत नाही.

आपल्या शेतात काय करावे?

• माती परीक्षण करूनच स्फुरदाची मात्रा ठरवा.
• स्फुरदयुक्त खत फोकून न देता दोन चाड्यांच्या पाभरीने किंवा पेरणी यंत्राने, बियाण्याच्या बाजूला व थोडे खाली पडेल असे द्या.
• स्टिकर लेबलवरील प्रमाणातच घ्या. जास्त झाले तर द्रावण पानावरून ओघळून जाते.
• नवीन खत, औषध किंवा टॉनिक वापरताना चार तासे तशीच सोडा आणि काढणीला दोन्हींचे वजन वेगळे करा. लँगम्यूर यांची ढगांबाबत जी चूक झाली, ती टाळण्याचा हाच सोपा उपाय आहे.