बारा मुलांच्या गिलब्रेथबाई

आपल्या मंडळात घरबसल्या धंदा करणाऱ्या आम्ही सात-आठ जणी आहोत. कुणी पोळीभाजीचे डबे देते, कुणी शिवण करते. माझा उद्योग मसाल्यांचा आणि भाजणीचा. चौघी जमलो की बोलण्याचा शेवट ठरलेला असतो : दिवस पुरत नाही! गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या धाकट्या मुलाला शाळेत ‘माझी आई’ या विषयावर निबंध होता. त्यात त्याने अगदी सरळ मनाने लिहिले होते की, त्याची आई नेहमी पाठमोरी असते. ते वाचून भाजणीची परात तशीच ठेवून मी कितीतरी वेळ बसून राहिले. त्याच सुमारास लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन बाईंची हकीकत माझ्या वाचनात आली. ती सर्वांना सांगावी, एवढ्यासाठी हा लेख.

लिलियनबाईंचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड गावी झाला. घर सुखवस्तू, भावंडे पुष्कळ आणि या सर्वांत थोरल्या. मुलीला कॉलेज कशाला, असे वडिलांचे मत होते. लिलियनबाईंनी गोड बोलून त्यांना वळवले आणि १९०० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी घेतली. त्या वर्षीच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांतर्फे भाषण करण्याचा मान त्यांना मिळाला. तेथे तो मान मिळालेली ही पहिलीच स्त्री.

१९०४ साली त्यांचे लग्न फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी झाले. फ्रँक कॉलेजात गेलेले नव्हते. सतराव्या वर्षी ते गवंड्याच्या हाताखाली लागले आणि पुढे इमारतींचे ठेकेदार झाले. उमेदवारीत त्यांच्या ध्यानात आले की, गवंडी प्रत्येक विटेसाठी वाकतो, वीट उचलतो, फिरवून बघतो, आणि यात त्याची निम्मी शक्ती वाया जाते. त्यांनी विटा व चुना कमरेइतक्या उंचीवर मिळतील अशी परांची केली. एका विटेला १८ हालचाली लागत, त्या ५ वर आल्या. काम वाढले, पण माणूस थकेना. याच विचारावर नवराबायकोंनी पुढे कारखान्यांना सल्ला देण्याचा धंदा उभारला. यंत्राकडे व हातांकडे फ्रँक बघत; त्या हातांच्या मालकाचे मन कसे चालते, त्याला शीण व कंटाळा का येतो, हा भाग लिलियनबाईंचा.

बारा मुले हवीत, अशी फ्रँक यांची हौस होती. सहा मुली आणि सहा मुलगे अशी बारा मुले झालीही. त्यांतली मेरी १९१२ साली घटसर्पाने गेली. ते दुःख पोटात ठेवूनच लिलियनबाईंचा अभ्यास चालू राहिला. प्रबंध मान्य होऊनही, कॅलिफोर्नियात येऊन राहण्याची अट पुरी होत नाही म्हणून तेथील विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही. तेव्हा त्यांनी दुसऱ्या विषयावर दुसरा प्रबंध लिहिला आणि १९१५ साली ब्राऊन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्या वेळी घरात सहा मुले होती. आधीचा प्रबंध १९१४ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. पण लेखिका बाई आहे हे उघड होऊ नये म्हणून त्यावर नुसती आद्याक्षरे छापली गेली!

एवढा प्रपंच चालत कसा होता? एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे आपल्याला उगीच न्यूनगंड वाटायला नको. सारे काही त्या एकट्या करीत नव्हत्या. बरीच वर्षे सासूबाई घर सांभाळीत आणि स्वयंपाकाला माणूस होता. शिवाय मुलेही नुसती बसून नसत. न्हाणीघरात तक्ता लावलेला असे; दात घासले, अंथरूण आवरले की ज्याने त्याने त्यावर सही करायची. रविवारी घरची सभा भरे. जास्तीच्या कामांसाठी मुले निविदा भरीत आणि सर्वांत कमी पैसे मागणाऱ्याला काम मिळे. या गमतींवर दोन मुलांनी पुढे १९४८ साली ‘चीपर बाय द डझन’ हे पुस्तक लिहिले आणि १९५० मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. १४ जून १९२४ रोजी रेल्वे स्टेशनवरून बायकोशी टेलिफोनवर बोलता बोलताच फ्रँक हृदयविकाराने कोसळले आणि गेले. घरी अकरा मुले. थोरली अठरा वर्षांची, धाकटी जेमतेम दोन वर्षांची. लंडन आणि प्राग येथील परिषदांना फ्रँक जाणार होते. आईने मुलांची सभा बोलावली. सर्वांनी कॅलिफोर्नियाला आजोळी जायचे, की आईने वडिलांच्या जागी युरोपात जाऊन धंदा पुढे चालवायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. मुलांनी धंद्याच्या बाजूने कौल दिला, आणि काही दिवसांतच त्या बोटीत बसल्या.

परत येऊन बघतात तो एकेक कारखाना करार मोडू लागलेला. इतकी वर्षे ज्यांचा सल्ला निम्मा बाईंचा होता, त्यांनाच आता एकट्या बाईचा सल्ला नकोसा झाला! लिलियनबाई रडत बसल्या नाहीत. न्यू जर्सीतील माँटक्लेअरच्या आपल्या राहत्या घरातच त्यांनी वर्ग काढला. कारखान्यांनी आपली माणसे तेथे शिकायला पाठवली, आणि मुलांवर नजर ठेवता ठेवता धंदा उभा राहिला. बाईला कारखान्यात घेत नाहीत, तर निदान स्वयंपाकघरातले तिचे म्हणणे तरी ऐकतील, हेही त्यांनी हेरले. ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी त्यांनी स्वयंपाकघराची मांडणी करून दिली. ओटा, शेगडी आणि सामान हाताशी, आणि ओट्याची उंची बाईच्या उंचीप्रमाणे. तेथे एकच केक जुन्या व नव्या मांडणीत करून पाहिला. कामे ९७ वरून ६४ वर आली आणि पावले २८१ वरून ४५ वर! पाय दाबून उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचे श्रेयही त्यांना देतात. गंमत अशी की, बाईंना स्वतःला स्वयंपाक फारसा येत नसे.

पुढे १९३५ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग शाखेत त्या प्राध्यापक झाल्या. १९६६ मध्ये त्यांना हूवर पदक मिळाले. अकराही मुले कॉलेजात शिकली. २ जानेवारी १९७२ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे वाचल्यावर मी मुलीच्या हाती खडू दिला आणि माझी पावले मोजायला सांगितली. एक किलो भाजणी भाजून, दळून, पिशवीत भरेपर्यंत १३८ पावले झाली. डाळी माळ्यावर, काटा पुढच्या खोलीत, पिशव्या कपाटात. मग दुसरे काय होणार? रविवारी आम्हीही सभा भरवली. डाळींचे डबे खाली आले, काटा ओट्यावर आला. वजन करण्याचे काम ह्यांनी घेतले, चिठ्ठ्या चिकटवण्याचे मुलांनी मागून घेतले. आता तेच काम ५२ पावलांत होते.

वाचलेल्या वेळात आणखी दोन किलो भाजणी काढावी, हा मोह मला पहिल्याच आठवड्यात झाला. पण मग गिलब्रेथ दांपत्याची सारी खटपट कशासाठी होती ते आठवले. वेळ वाचवायचा तो माणसाला सुखाची चार मिनिटे मिळावीत म्हणून, हे त्यांच्या कामाचे मूळ होते. तीच मिनिटे पुन्हा कामात घातली तर पावले मोजून उपयोग काय? म्हणून संध्याकाळी पाच ते सहा शेगडी बंद असते. धंदा फार वाढला आहे असे नाही. पण मुलगा शाळेतून येतो तेव्हा माझे तोंड दाराकडे असते.

मैत्रिणींनो, पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने आपली पावले मोजून आणावीत, अशी माझी सूचना आहे. मोजायला मात्र मुलांनाच सांगा. ती जराही सूट देत नाहीत.