व्हर्नन कॅसल
व्हर्नन कॅसल (मूळ नाव : विल्यम व्हर्नन ब्लाइथ, जन्म : नॉरिच, इंग्लंड, २ मे १८८७, मृत्यू : बेनब्रुक, टेक्सास, अमेरिका, १५ फेब्रुवारी १९१८) हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे ख्यातनाम नर्तक, विनोदी नट, नृत्यशिक्षक आणि पहिल्या महायुद्धातील वैमानिक होते. पत्नी आयरीन कॅसल यांच्यासह त्यांनी युगुलनृत्याला अमेरिकेच्या मध्यमवर्गीय घरांत मानाचे स्थान मिळवून दिले. त्याआधी जोडीने नाचणे हा एकीकडे श्रीमंतांच्या मेजवान्यांतील कडक शिष्टाचाराचा भाग होता, तर दुसरीकडे बदनाम नाचघरांतील करमणूक होती. सामान्य नवराबायकोने, प्रौढांनी, संकोची तरुणांनी केवळ आनंदासाठी आणि प्रकृतीसाठी नाच शिकावा, ही कल्पना या दांपत्यामुळे रुजली. नर्तक म्हणून त्यांची एकत्र कारकीर्द जेमतेम चार वर्षांची होती.

पूर्वायुष्य

व्हर्नन यांचे वडील नॉरिच येथे मद्यगृहाचे चालक होते. मुलाने स्थापत्य अभियंता व्हावे या हेतूने त्यांना बर्मिंगहॅम येथे शिक्षणासाठी पाठविण्यात आले. परंतु या विषयात त्यांचे मन रमले नाही. हातचलाखीचे खेळ, नकला आणि विनोद यांकडे त्यांचा ओढा होता. थोरली बहीण कोराली ही रंगभूमीवरील अभिनेत्री होती आणि तिचे पती लॉरेन्स ग्रॉसमिथ हेही नट होते. १९०६ मध्ये या दोघांसमवेत व्हर्नन न्यू यॉर्कला गेले. तेथे निर्माते व विनोदी नट ल्यू फील्ड्स यांनी त्यांना लहानशी भूमिका दिली. बहिणीच्या नावाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी कॅसल हे आडनाव घेतले व पुढे तेच रूढ झाले.

पुढील चारपाच वर्षे ते फील्ड्स यांच्या संगीत नाटकांतून विनोदी पात्रे रंगवीत होते. उंच, कमालीचा सडपातळ बांधा आणि लांब पाय हे त्यांचे भांडवल होते; धडपडणारा, मद्यधुंद किंवा भोळसट सभ्य गृहस्थ ते हुबेहूब उभा करीत. नर्तक म्हणून नाव मिळविण्याची त्यांना त्या वेळी फारशी आकांक्षा असल्याचे दिसत नाही. मात्र तोल सावरत पडण्याची जी कला विनोदी नटाला साधावी लागते, तिचा त्यांना पुढे मोठाच उपयोग झाला असावा.

विवाह आणि पॅरिस

१९१० मध्ये न्यू यॉर्कजवळच्या न्यू रोशेल या गावी त्यांची आयरीन फूट यांच्याशी ओळख झाली. आयरीन (१८९३–१९६९) या तेथील एका प्रतिष्ठित डॉक्टरांच्या कन्या होत्या आणि रंगभूमीवर काम मिळावे अशी त्यांची मनीषा होती. २८ मे १९११ रोजी दोघांचा विवाह झाला.

लवकरच व्हर्नन यांना पॅरिसमधील एका संगीत कार्यक्रमात विनोदी काम करण्याचे निमंत्रण आले. दांपत्य तेथे गेले, सोबत फूट कुटुंबाकडील कृष्णवर्णीय सेवक वॉल्टर अ‍ॅश हेही होते. कार्यक्रमाची तारीख पुढे पुढे ढकलली गेली आणि जवळचे पैसे संपले. अखेरीस १९१२ च्या वसंत ऋतूत कार्यक्रम रंगमंचावर आला. त्यात अमेरिकेत नव्याने निघालेल्या रॅगटाइम चालींवरचा एक नाच त्यांनी बसविला होता. त्यानंतर ‘कॅफे द पारी’ या उंची उपाहारगृहात त्यांना नाचण्यासाठी बोलावणे आले. आदल्या रात्री दोघे केवळ पाहुणे म्हणून तेथे बसले असता एका रशियन उमरावाच्या आग्रहावरून ते उठले आणि टेबलांमधल्या मोकळ्या जागेत नाचले. हा प्रकार पाहणाऱ्यांना इतका रुचला की, पुढेही तोच प्रघात पडला : इतर गिऱ्हाइकांप्रमाणे टेबलाशी बसावयाचे आणि सहज मनात आल्यासारखे उठून नाचावयाचे. रंगमंचावरून नाचणारे कलावंत आणि खाली बसलेले प्रेक्षक यांतील अंतर त्यामुळे नाहीसे झाले. त्यांना पाहून जे आपणही उठून नाचावे असे लोकांना वाटू लागले, त्याचे मूळ या प्रघातात आहे.

न्यू यॉर्कमधील यश

१९१२ मध्ये अमेरिकेत परतल्यावर ‘द सनशाइन गर्ल’ (१९१३) या नाटकाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या काळी अमेरिकेत नाचाचे वेड पसरले होते. टर्की ट्रॉट, ग्रिझली बेअर, बनी हग अशी प्राण्यांची नावे धारण करणारे नाच शहरांतील नाचघरांत गाजत होते. त्यांतील बहुतेकांचा उगम कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये होता. अर्जेंटिनातून निघालेला टँगो पॅरिसमार्गे येऊन पोहोचला होता. नाचणारे एकमेकांना बिलगतात, खांदे व कंबर हलवितात, म्हणून धर्मगुरू, नगरपालिका आणि सुधारक मंडळी यांनी गहजब केला. ठिकठिकाणी बंदीहुकूम निघाले. युरोपातही हे लोण पोहोचले होते. १९१३ मध्ये जर्मनीच्या कैसरने गणवेशातील अधिकाऱ्यांना टँगो नाचण्यास मनाई केली.

या वादाच्या ऐन भरात एलिझाबेथ मार्बरी या कर्तबगार व्यवस्थापिकेने कॅसल दांपत्याच्या कारभाराची सूत्रे हाती घेतली. १९१३ च्या अखेरीस न्यू यॉर्कच्या सेहेचाळिसाव्या रस्त्यावर, रिट्झ-कार्लटन हॉटेलसमोर, ‘कॅसल हाउस’ ही नृत्यशाळा सुरू झाली. शहरातील प्रतिष्ठित स्त्रियांनी तिला आश्रय दिला. सकाळी शिकवणी आणि दुपारी चहापानासह नाच असा तेथील क्रम असे. दुपारच्या वेळी, उजेडात आणि चहाच्या साथीने होणाऱ्या नाचाला आक्षेप घेणे कठीण होते, हे मार्बरी यांनी अचूक हेरले होते. त्यानंतर ‘सान्स सूसी’ हे रात्रीचे उपाहारगृह निघाले आणि नाट्यगृहाच्या गच्चीवर ‘कॅसल्स इन द एअर’ हेही सुरू झाले. १९१४ च्या वसंतात या दोघांनी आगगाडीने महिनाभराचा दौरा करून तीसेक शहरांत प्रयोग केले.

नृत्यपद्धती आणि विचार

व्हर्नन यांची खरी कामगिरी नृत्याच्या सुलभीकरणात आहे. एकोणिसाव्या शतकातील वॉल्ट्झ, पोल्का यांसारख्या नाचांत ठराविक पावले व गिरक्या शिकाव्या लागत आणि त्या साधेपर्यंत शिकणाऱ्याची भीड चेपत नसे. व्हर्नन यांनी साध्या चालण्याचा पाया धरला. त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसल वॉक’ या प्रकारात जोडी संगीताच्या प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकीत सभागृहभर फिरते. मात्र पावलागणिक खाली दबण्याऐवजी शरीर टाचा उचलून किंचित वर घ्यावयाचे असते. ज्याला तालात चालता येते त्याला नाचता येते, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे आयुष्यात कधी न नाचलेले पन्नाशीचे गृहस्थही घाबरत घाबरत शिकवणीला येऊ लागले.

१९१४ मध्ये दोघांच्या नावाने ‘मॉडर्न डान्सिंग’ हे पुस्तक मार्बरी यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. पावलांच्या वर्णनाबरोबर छायाचित्रेही असल्याने नृत्यशाळेपासून दूर राहणाऱ्यांना घरच्या घरी, ग्रामोफोन लावून, सराव करणे शक्य झाले. तथापि हे केवळ पाठ्यपुस्तक नाही. ते युगुलनृत्याच्या बाजूने केलेले वकिलीपत्र आहे. नीट केलेला नाच असभ्य तर नाहीच, उलट तो शालीनता शिकवितो. त्याने आरोग्य व उत्साह टिकतो, तारुण्य लांबते, शरीराला डौल येतो. म्हणून समाजसुधारकांनी त्याला विरोध करण्याऐवजी वैद्यांच्या बरोबरीने त्याचा पुरस्कार करावा, अशी भूमिका त्यात घेतली आहे. स्त्रियांच्या पोशाखावरही स्वतंत्र विवेचन आहे. कंबर आवळणारे ताठ कॉर्सेट घालून ना नाचता येते ना मोकळा श्वास घेता येतो, हे सांगणारे ते पुस्तक स्त्रियांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरले. आयरीन यांनी स्वतः कॉर्सेट टाकून दिला, हलके झुळझुळीत झगे वापरले आणि १९१४ मध्ये केस मानेपर्यंत कापले; हजारो स्त्रियांनी त्यांचे अनुकरण केले.

या विचारांत एक विसंगतीही आहे. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या सूचनांत खांदे हलवू नयेत, कंबर लचकवू नये, उड्या न मारता सरकत जावे असे बजावले असून टर्की ट्रॉट व ग्रिझली बेअर हे नाच कुरूप म्हणून टाकून देण्यास सांगितले आहे. वस्तुतः पॅरिसमध्ये या जोडीला प्रथम कीर्ती मिळाली ती याच धर्तीच्या नाचांमुळे. ज्यांनी हे नाच घडविले, त्या कृष्णवर्णीय नर्तकांचा उल्लेख सभ्यतेच्या या नव्या व्याख्येत नव्हता. नृत्याला प्रतिष्ठा मिळाली, पण ती त्याचे मूळ झाकून मिळाली, असे म्हणावे लागते.

जेम्स रीस युरोप यांचे सहकार्य

संगीताच्या बाबतीत मात्र व्हर्नन यांनी वेगळी वाट धरली. कृष्णवर्णीय संगीतकार जेम्स रीस युरोप (१८८०–१९१९) यांच्या वाद्यवृंदाशी त्यांची १९१३ मध्ये गाठ पडली आणि त्यानंतर तोच वाद्यवृंद त्यांच्या साथीला राहिला. युरोप यांनी १९१० मध्ये न्यू यॉर्कमध्ये ‘क्लेफ क्लब’ ही कृष्णवर्णीय वादकांची संस्था स्थापन केली होती आणि १९१२ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये तिचा मोठा कार्यक्रम केला होता. ‘कॅसल वॉक’साठीची धून युरोप व फोर्ड डॅबनी यांनी रचली आणि १९१४ मध्ये तिचे ध्वनिमुद्रणही झाले. वर्णभेदाच्या त्या काळात गोऱ्या प्रेक्षकांसमोर कृष्णवर्णीय वादकांसह देशभर फिरणे ही साधी गोष्ट नव्हती. नाट्यगृहातील वादकांच्या खोलगट जागेत त्यांना बसू देण्यास गोऱ्या वादकांचा विरोध झाला, तेव्हा युरोप यांचे वादक थेट रंगमंचावर बसले.

फॉक्सट्रॉट या नृत्यप्रकाराचा प्रसारही याच सहकार्यातून झाला. त्याच्या जन्माचे श्रेय सामान्यतः नट हॅरी फॉक्स यांना दिले जाते. दुसऱ्या हकिकतीनुसार युरोप हे विश्रांतीच्या वेळी डब्ल्यू. सी. हँडी यांची ‘मेम्फिस ब्लूज’ ही रचना पियानोवर संथ लयीत वाजवीत, आणि अशा लयीवर नवा नाच बसविण्याचे त्यांनीच कॅसल दांपत्याला सुचविले. जलद वन-स्टेपने दमणाऱ्या प्रौढांना संथ फॉक्सट्रॉट सोयीचा वाटला आणि पाहता पाहता तो जगभर पसरला. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील नृत्यदालनात आणि गोमंतकीय वादकांच्या वाद्यवृंदांतही त्याची लय ऐकू येत असे.

८ डिसेंबर १९१४ रोजी ‘वॉच युवर स्टेप’ हे संगीत नाटक न्यू यॉर्कमध्ये रंगमंचावर आले. आयर्विंग बर्लिन यांनी संपूर्ण संगीत दिलेले हे पहिले नाटक कॅसल दांपत्यासाठीच रचले होते. पुढच्या वर्षी ‘द व्हर्ल ऑफ लाइफ’ हा मूकपट निघाला.

युद्धसेवा

इंग्लंड युद्धात उतरल्यावर आपण सुरक्षित देशात नाचत आहोत ही बोच व्हर्नन यांना लागून राहिली. कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांनी व्हर्जिनियातील शाळेत स्वखर्चाने विमानचालन शिकून घेतले आणि १९१६ च्या आरंभी ते मायदेशी गेले. रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये भरती होऊन त्यांनी पश्चिम आघाडीवर टेहळणीची अनेक उड्डाणे केली. फ्रान्स सरकारने त्यांना ‘क्र्वा द गेर’ हे शौर्यपदक दिले.

१९१७ मध्ये नव्या वैमानिकांना शिकविण्यासाठी त्यांची कॅनडात नेमणूक झाली. दोन आसनांच्या प्रशिक्षण-विमानात पुढचे आसन अधिक धोक्याचे असते. अपघातात एक शिकाऊ वैमानिक दगावल्यानंतर व्हर्नन यांनी विद्यार्थ्याला मागे बसवून स्वतः पुढे बसण्याचा नियम केला. त्यांच्यासोबत छावणीत जेफ्री नावाचे पाळीव माकडही असे. प्राण्यांची माया हा दोघा पतिपत्नींचा समान धागा होता.

हिवाळ्यात प्रशिक्षण तळ टेक्सासमध्ये फोर्ट वर्थजवळ हलविण्यात आला. तेथे १५ फेब्रुवारी १९१८ रोजी समोर आलेल्या दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळण्यासाठी त्यांनी आपले विमान एकदम वर वळविले. उंची अपुरी होती. गती मंदावलेले विमान सावरले नाही आणि कोसळले. मागे बसलेला शिकाऊ वैमानिक वाचला. व्हर्नन त्या वेळी तीस वर्षांचे होते. न्यू यॉर्कच्या वुडलॉन दफनभूमीत त्यांचे दफन झाले. तेथे सॅली जेम्स फार्नहम या शिल्पकर्तीने घडविलेली थकून बसलेल्या स्त्रीची कांस्यमूर्ती आहे.

मृत्यूनंतर

जेम्स रीस युरोप हेही युद्धात गेले होते. त्यांच्या लष्करी बँडने फ्रान्सला जॅझची ओळख करून दिली. परत आल्यावर ९ मे १९१९ रोजी बॉस्टन येथे त्यांच्याच बँडमधील एका वादकाने केलेल्या चाकूहल्ल्यात त्यांचा अंत झाला. आयरीन यांनी १९१९ मध्ये पतीच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी पुढे आणखी तीन विवाह केले. मात्र जोडीदार म्हणून व्हर्नन यांची जागा कुणालाही घेता आली नाही आणि नर्तकी म्हणून त्यांची कारकीर्द हळूहळू ओसरली. १९२८ मध्ये इलिनॉय राज्यात त्यांनी अनाथ प्राण्यांसाठी ‘ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म’ हे आश्रयस्थान स्थापन केले.

१९३९ मध्ये या दांपत्याच्या जीवनावर फ्रेड अस्टेअर व जिंजर रॉजर्स यांचा चित्रपट निघाला. आयरीन त्याच्या सल्लागार होत्या. रॉजर्स यांची केशभूषा व पोशाख त्यांना पसंत नव्हते. त्याहून अधिक गंभीर आक्षेप वॉल्टर अ‍ॅश यांच्या चित्रणाला होता, कारण पॅरिसच्या हलाखीत साथ देणाऱ्या त्या कृष्णवर्णीय माणसाची भूमिका चित्रपटात गोऱ्या नटाला दिली होती. त्यांचा हा आक्षेप मानला गेला नाही.

बेनब्रुक येथे अपघाताच्या जागेजवळ स्मारक असून तेथील एका रस्त्याला व्हर्नन कॅसल यांचे नाव देण्यात आले आहे.