दोन बागांचा शाहजादा

औरंगजेबाचा तिसरा पुत्र आझमशहा मराठी वाचकाला दोन गोष्टींमुळे ठाऊक असतो. शाहू महाराजांची १७०७ मध्ये मोगली कैदेतून सुटका झाली ती याच्या छावणीतून. आणि औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा याने आपल्या आईसाठी उभारला. यातील पहिली गोष्ट निर्विवाद आहे. दुसरी मात्र तारखांच्या कसोटीवर टिकत नाही. ज्या बागेचे श्रेय या शाहजाद्याला मिळाले ती त्याने बांधली नाही आणि जी त्याने खरोखर बांधायला घेतली ती त्याच्या हातून पुरी झाली नाही. त्याचे सारे आयुष्य या दोन बागांच्या मध्ये उलगडत जाते.

आझमचा जन्म २८ जून १६५३ रोजी बुऱ्हाणपूर येथे झाला. औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार होता. आई दिलरस बानू ही इराणच्या सफवी राजघराण्यातील शाहनवाज खानाची कन्या. सप्टेंबर १६५७ मध्ये तिने धाकटा पुत्र अकबर यास जन्म दिला आणि बाळंतपणातील आजारातून ती उठलीच नाही. ऑक्टोबरमध्ये औरंगाबाद येथे तिचे निधन झाले. आझम त्या वेळी अवघा चार वर्षांचा होता. पुढच्या काही महिन्यांतच औरंगजेब सिंहासनाच्या लढ्यासाठी उत्तरेकडे निघाला. त्या लढ्यात दिलरस बानूचे वडील दाराच्या बाजूने लढताना १६५९ मध्ये मारले गेले. आईपाठोपाठ आजोबाही गेले आणि तेही वडिलांच्याच सैन्याशी लढताना.

मकबऱ्याचा काळ १६५१ ते १६६१ असा सांगण्याची प्रथा आहे. परंतु १६५१ मध्ये दिलरस बानू हयात होती आणि आझम जन्मलाही नव्हता. मुख्य प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुविशारद म्हणून अताउल्ला आणि अभियंता म्हणून हंसपत राय यांची नावे आहेत. बांधकाम १६६०-६१ च्या सुमारास झाले असे मानले, तर आझम तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. एवढ्या वयाचा मुलगा लाखो रुपयांच्या बांधकामाचा हुकूम देऊ शकत नाही. खजिना आणि हुकूम बादशहाचा, आराखडा ताजमहालाचा शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी याचा पुत्र असलेल्या अताउल्लाचा, आणि मेहनत शेकडो अनाम गवंडी, पाथरवट व भिस्त्यांची, असाच निष्कर्ष काढावा लागतो. आईच्या स्मृतीशी मुलाचे नाव जोडले जावे ही लोकमानसाची सहज ओढ. तिनेच आझमला या वास्तूचा निर्माता केले.

ही वास्तू मुळात एक तटबंद बाग आहे, हे घुमटाकडे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आवार उत्तर-दक्षिण ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम २७५ मीटर. म्हणजे भोवतालची भिंत जवळजवळ दीड किलोमीटर लांबीची. वाकोला, घाटकोपर वा मुलुंडच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेची कुंपणभिंत हद्द दाखवण्यापुरती असते. चारबाग पद्धतीत मात्र भिंत हाच बागेचा आधार. ती उष्ण वारे अडवते, गुरांना रोखते आणि बाहेरचा माळ डोळ्यांआड करून आत एक वेगळे जग निर्माण करते. एवढी लांब आणि उंच भिंत सरळसोट उभी केली तर ती झुकण्याचा धोका असतो. म्हणून मकबऱ्याच्या तटाला ठरावीक अंतरावर बुरूज दिले आहेत. दर्शनी अंगाला टोकदार कमानींचे कोनाडे आहेत आणि दोन कोनाड्यांच्या मध्ये भिंतीलगत अर्धस्तंभ. कोनाड्यामुळे दगड-चुना वाचतो, भिंतीचे वजन घटते आणि अर्धस्तंभ तिला ताठ ठेवतात. शोभा आणि बळ यांचा असा मेळ जुन्या कारागिरांना चांगला साधला होता.

दख्खनचा काळा पाषाण टणक. तो घडवायला छिन्नी-हातोड्याचे अपार श्रम पडतात. त्यामुळे पाया आणि जोते दगडात, कमानी व वरचे हलके काम विटेत, आणि त्यावर चुन्याचा गिलावा ही इकडची रूढ पद्धत. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या तटातही खाली दगड आणि वर वीट दिसते. या सर्वांना बांधून ठेवणारा चुना तयार करणे हे स्वतंत्र शास्त्रच होते. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, वाळूसह बैलांच्या घाणीत मळायची. भाजल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली की ओलाव्यातही चुना धरतो. म्हणून हौद आणि पाण्याच्या पाटांसाठी ती आवश्यक. गूळ आणि हिरड्याचे पाणी घालण्याचीही चाल होती. हा चुना हवेतील कर्बवायू शोषून वर्षानुवर्षे कठीण होत जातो. त्यामुळे घाईचे बांधकाम त्याला मानवत नाही.

मकबऱ्यात संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला. मधला सारा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर गुळगुळीत घोटलेला गिलावा आणि चुन्यातील नक्षी आहे. जयपूर परिसरातील खाणींतून हा संगमरवर आला. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवराने लादलेल्या सुमारे ३०० गाड्या दिसल्याची आणि त्यातील लहानात लहान गाडीला १२ बैल असल्याची नोंद फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने केली आहे. एकूण खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे झाल्याचे नमूद आहे. ताजमहालाच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ म्हणून मकबऱ्याला कमी लेखण्याची सवय पडली. पण दख्खनच्या दगड-चुन्यातून असा डौल उभा करणाऱ्यांच्या कौशल्याची कदर त्या तुलनेत हरवते, हे विसरून चालणार नाही.

आझम मोठा झाला तो दिल्ली दरबारात. १६६९ मध्ये त्याचा विवाह जहांजेब बानूशी झाला. ही दाराची मुलगी; म्हणजे ज्या चुलत्याला औरंगजेबाने ठार करविले त्याचीच कन्या सून म्हणून घरात आली. १६७८ मध्ये आझमची बंगालच्या सुभेदारीवर नेमणूक झाली आणि तेथे त्याने स्वतःच्या नावावर खऱ्या अर्थाने जमा होईल असे एकमेव मोठे बांधकाम सुरू केले. ढाक्यात बुडीगंगेच्या काठी त्याने तटबंदीचे आवार आखले. त्याला नाव दिले किल्ला औरंगाबाद. आज तो लालबाग किल्ला म्हणून ओळखला जातो. बंगालच्या गाळाच्या भूमीत दगड दुर्मीळ, म्हणून तट, बुरूज आणि दरवाजे विटांचे. आत मशीद, दिवाण-ए-आम, हौद, कारंजी आणि पाण्याचे पाट. नाव किल्ल्याचे असले तरी त्याचा साज बागेचा होता.

परंतु सुमारे १५ महिन्यांतच बापाचा हुकूम आला. राजपुतान्यात युद्ध पेटले होते आणि शाहजाद्याला तिकडे जावे लागले. ढाक्याचे काम त्याच्या पश्चात शायिस्ताखानाकडे आले. पुण्याच्या लाल महालात १६६३ मध्ये बोटे गमावलेला हाच तो सरदार. १६८४ मध्ये त्याची मुलगी परीबीबी ढाक्यात वारली. तिचा विवाह आझमशी ठरला होता, असे तेथील परंपरा सांगते. शायिस्ताखानाने त्या आवारातच तिची कबर बांधली आणि जागा अपशकुनी मानून किल्ल्याचे काम सोडून दिले. आझमची बाग अपुरी राहिली ती कायमची.

त्यानंतरचे आझमचे आयुष्य बव्हंशी छावणीत गेले. १६८१ मध्ये विजापूरच्या आदिलशाही घराण्यातील शहरबानूशी त्याचा विवाह झाला आणि १६८५ मध्ये त्याच विजापूरला वेढा घालण्याची कामगिरी त्याच्यावर आली. रसद तुटली, सैन्य उपाशी राहिले, तरी त्याने माघार नाकारली. पुढे १७०१ ते १७०५ तो गुजरातचा सुभेदार होता. पराक्रमी, तापट आणि स्वतःला वारस मानणारा असा हा शाहजादा पन्नाशी ओलांडली तरी वडिलांच्या आज्ञेतच होता.

३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब अहमदनगरजवळ भिंगार येथे मरण पावला. त्याच महिन्यात आझमने स्वतःला बादशहा घोषित केले आणि थोरला भाऊ मुअज्जम याच्याशी लढण्यासाठी तो उत्तरेकडे निघाला. वाटेत, मे महिन्यात, माळव्यात दोराहा येथे शाहू महाराजांना मोकळीक मिळाली. येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. ताराबाई आणि शाहू यांच्यात दुही माजावी हा मोगलांचा हिशेब होता आणि काही काळ तो खराही ठरला. पण ते पाहायला आझम उरला नाही. जून १७०७ मध्ये आग्र्याजवळ जाजऊ येथील लढाईत तो आणि त्याचा पुत्र बेदारबख्त दोघेही मारले गेले. त्याची बादशाही जेमतेम तीन महिने टिकली.

सिंहासन हुकलेल्या या शाहजाद्याचे नाव आज मुख्यतः भिंतींमुळे टिकून आहे. ढाक्यातील विटांचा तट त्याने मांडलेल्या आणि अर्ध्यावर राहिलेल्या मनसुब्याची साक्ष देतो. संभाजीनगरची दीड किलोमीटरची भिंत मात्र वेगळेच सांगते. तिचे श्रेय चार वर्षांच्या पोरक्या मुलाला देताना प्रवेशद्वारावर कोरलेली अताउल्ला आणि हंसपत राय ही नावे वाचली जात नाहीत आणि ज्यांनी दगडावर दगड चढवला, चुना मळला त्यांची तर नावेच नोंदली गेली नाहीत. आझमवर अन्याय न करताही हे श्रेय खऱ्या धन्यांकडे परत करता येते. त्यासाठी आत शिरताना क्षणभर दारावरच्या लेखाकडे पाहावे लागेल, एवढेच.