भांड्यांच्या खणखणाटात ध्यान : ब्रदर लॉरेन्स

ध्यानास वेळ मिळत नाही अशी आपली नित्याची तक्रार असते. ब्रदर लॉरेन्स यांना तरी निवांतपणा कोठे होता? लोरेन प्रांतातील हे निकोला एर्मां तरुणपणी सैनिक होते. युद्धात जखमी होऊन ते लंगडे झाले. १६४० मध्ये पॅरिसच्या कार्मेली मठात ते सेवक-बंधू म्हणून आले आणि वाट्याला आले स्वयंपाकघर, ज्या कामाचा त्यांना मुळातच तिटकारा! तेथे भांडी खणखणत असता, एकाच वेळी अनेकांच्या हाका येत असता, ते अंतःकरणात देवाशी बोलत राहिले.

हे सहज साधले असे मात्र समजू नका. पहिली सुमारे दहा वर्षे त्यांनी मोठा आत्मक्लेश सोसला. त्यांतील चार वर्षे तर आपले तारण होणार नाही, या भीतीने ते व्याकूळ होते. मन भरकटले की खेद करीत न बसता, चूक कबूल करून ते पुन्हा प्रभूकडे वळत. मठासाठी द्राक्षारस आणावयास ते बर्गंडीला जात, तेव्हा अधू पायामुळे नावेत पिंपांवरून घरंगळतच सरकावे लागे. तेही त्यांनी देवाचेच काम मानले.

पुढे ते मठवासीयांच्या वहाणा शिवू लागले. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी ते प्रभूकडे गेले. त्यांची पत्रे व संभाषणे जोसेफ द बोफोर या धर्मगुरूंनी मागाहून प्रसिद्ध केली.