पॅनल न फोडता आतलं कसं कळतं? सी. व्ही. रामन यांची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यात मेहकरजवळ काकांचं शेत आहे, तिथे सोलर पंप आहे. यंदा पाणी कमी यायला लागलं आणि पॅनलवर पिवळसर झाक दिसली. बघायला आलेल्या माणसाचं म्हणणं, उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही. पण पॅनलचे थर कायमचे चिकटवलेले असतात, उघडलं की ते बादच! न उघडता तपासायची पद्धत शोधता शोधता मी रामन यांच्यापर्यंत पोचलो.

त्यांचा जन्म १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. १९०७ मध्ये ते कलकत्त्याला सरकारी हिशेब खात्यात अधिकारी झाले. दिवसा ऑफिस, संध्याकाळी प्रयोगशाळा. मध्ये १९१० ला बदली होऊन नागपूरलाही आले होते, म्हणजे आपल्या विदर्भात! १९१७ मध्ये ती नोकरी सोडून कमी पगारावर प्राध्यापक झाले. (आमच्या घरी हे कुणी ऐकून घेतलं नसतं.)

१९२१ मध्ये जहाजातून जाताना भूमध्य समुद्राचा निळा रंग त्यांच्या डोक्यात बसला. पाण्यातून जाताना प्रकाशाचं नेमकं होतं काय? पुढची सात वर्षं ते याच्याच मागे होते. सुरुवातीला लेझर वगैरे काही नव्हतं, साधं ऊन होतं! ऊन एकवटून, फिल्टरने त्यातला एकच रंग ठेवून, तो द्रवात सोडायचा. बाहेर येणाऱ्या प्रकाशात अगदी थोडासा भाग रंग बदलून येत होता. के. एस. कृष्णन सोबत होते. २८ फेब्रुवारी १९२८ ला हा परिणाम पक्का झाला. १९३० मध्ये नोबेल मिळालं. रामन गेले १९७० मध्ये, बंगळुरूला.

रंगातला हा बदल प्रत्येक रेणूचा वेगळा असतो, बोटाच्या ठशासारखा. म्हणूनच तो पॅनलच्या कामाचा आहे. बहुतेक पॅनलमध्ये काच आणि सेल यांच्यामध्ये इव्हीए नावाचं पारदर्शक प्लॅस्टिक असतं. उन्हाने आणि ओलाव्याने ते म्हातारं होतं, पिवळं पडतं, त्यातून आम्ल सुटतं आणि आतल्या धातूच्या तारा गंजू शकतात. काचेतूनच लेझर सोडून परत येणारा प्रकाश तपासला, तर इव्हीएची अवस्था कळते. खराब झालेलं इव्हीए लेझरखाली जास्त चमकतं, आणि ती वाढलेली चमकच त्याचं वय सांगते. पॅनलला ओरखडाही येत नाही.

हे यंत्र बहुतेक करून प्रयोगशाळेत असतं, शेतात नाही. काकांनी सध्या पॅनल धुऊन ठेवलंय, पण कुणाला उघडू दिलेलं नाही.