संगणकाला स्मरणशक्ती देणारे डॉ. अन वांग

विद्यार्थी मित्रांनो, आज आपल्या मोबाइलमध्ये हजारो छायाचित्रे सहज मावतात. पण १९४८ च्या सुमारास संगणकाला थोडेसे आकडे लक्षात ठेवायला लावणे हेसुद्धा मोठे कोडे होते. ते सोडवणाऱ्यांत डॉ. अन वांग यांचे नाव आदराने घेतले जाते.

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९२० रोजी चीनमधील शांघाय येथे झाला. अभियांत्रिकीचे शिक्षणही तेथेच झाले. जपानबरोबरच्या युद्धकाळात त्यांनी सैन्यासाठी रेडिओ-यंत्रे बनवली. त्या वर्षांत घरची जिवाभावाची माणसे गमावली. १९४५ साली ते अमेरिकेस गेले आणि १९४८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

तेथील प्रयोगशाळेत प्रा. हॉवर्ड एकन यांनी त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला : यंत्राचे भाग न हलवता माहिती साठवायची आणि वाचायची कशी? लहानशा चुंबकीय कडीत एका दिशेचे चुंबकत्व म्हणजे १, उलट दिशेचे म्हणजे ०. वीज गेली तरी ते टिकते. अडचण एकच होती. कडी वाचायला गेले की तिच्यातील माहिती पुसली जाई! वांग यांना उत्तर सुचले ते अगदी साधे. पुसली जाते तर जाऊ द्यावी. वाचून झाल्याबरोबर ती पुन्हा लिहावी.

१९५१ मध्ये केवळ ६०० डॉलरच्या बचतीवर त्यांनी बोस्टनमध्ये 'वांग लॅबोरेटरीज' सुरू केली. पुढे आपले पेटंट त्यांनी आयबीएम कंपनीला विकले. दरम्यान एमआयटीतील जे फॉरेस्टर यांनी अशा कड्या तारांच्या जाळीत ओवून १९५३ मध्ये 'व्हर्लविंड' संगणकाला बसवल्या. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकातही अशाच कड्या होत्या. १९७० मध्ये इंटेलची १,०२४ बिटांची मेमरी चिप आली आणि हळूहळू कड्यांची जागा चिपने घेतली.

वांग यांची कंपनी गणकयंत्रे व शब्दलेखन-यंत्रांमुळे नावारूपाला आली. पण घरोघरी वापरता येणाऱ्या संगणकांपुढे ती मागे पडली. २४ मार्च १९९० रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

मित्रांनो, कंपनी बुडाली, कड्याही गेल्या. पण त्यांची युक्ती टिकली. आजच्या संगणकाची मुख्य मेमरीसुद्धा वाचल्यावर पुन्हा लिहावीच लागते. आपल्या अभ्यासाचे तरी याहून वेगळे काय आहे?