ताराबाई मोडक आणि मुलांची पहिली अक्षरे

बालवाडीत नुकतेच जाऊ लागलेले मूल दुपारी घरी परतले की आपण त्याला पहिला प्रश्न कोणता विचारतो? आज काय लिहिलेस? तीन वर्षांच्या त्या जीवाची बोटे अजून पेन्सिल पेलत नाहीत, तरी वहीचे पान भरलेले दिसले की आपले पैसे कारणी लागले असे वाटते. आपल्या गंगापूर रोडवर काय किंवा जुन्या नाशकात काय, हे चित्र सारखेच आहे. या घाईपासून मुलाला सोडवण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडक यांची ओळख येथे करून द्यावयाची आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते, त्यामुळे घरात सुधारणेचे वारे होते. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. संसार फार काळ टिकला नाही. पुढे राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. त्या काळी एका हिंदी स्त्रीला असे पद मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु भावनगरला वकिली सोडून बालमंदिर चालवणाऱ्या गिजुभाई बधेकांचे काम त्यांच्या कानी आले आणि १९२३ मध्ये ही मानाची नोकरी सोडून त्या तेथे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

भावनगरला माँटेसरी पद्धतीचे काम चाले. त्यात अक्षराची तयारी कशी होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. लहान मूठ असलेले लाकडी ठोकळे मूल तीन बोटांच्या चिमटीत धरून खाचांत बसवते. आपल्याला तो खेळ वाटतो, पण पेन्सिल धरणारी बोटे तेथेच तयार होत असतात. मग खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे येतात. मूल त्यांवरून बोट फिरवते आणि त्याच वेळी तो ध्वनी उच्चारते. डोळा, कान आणि हात, तिघांनाही अक्षर एकदमच भेटते. त्यानंतर सुटी अक्षरे जुळवून शब्द मांडायचे. लेखणी धरण्याआधीच मूल अशा रीतीने लिहू लागते, आणि वाचन मागाहून येते. गिजुभाईंनी व ताराबाईंनी याला गोष्टी, गाणी आणि नाटुकल्यांची जोड दिली. ज्या मुलाच्या कानात शब्द नाहीत, त्याने पाटीवर काढलेल्या 'ग म भ न' चा त्याला काय उपयोग?

ताराबाई मराठी, आणि काम गुजरातीत. गुजरातीला डोक्यावरची रेघ नाही, आपल्या बाळबोध लिपीला आहे. मोठ्यांना हा भेद क्षुल्लक वाटतो, पण मुलाला तो ओळखीचा चेहरा बदलल्यासारखा वाटतो. आपल्या समाजातील पालकांना तर हे अधिक लवकर पटावे. मकतबात आपले मूल अलिफ, बे उजवीकडून डावीकडे वाचते, आणि त्याच दिवशी शाळेत मराठी डावीकडून उजवीकडे. त्यात मराठीतली ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर! अशा मुलाने अक्षर उलटे काढले तर ते मंद आहे असे समजून त्याला रागे भरू नये. पुस्तक कोठून उघडते, बोट कोणत्या बाजूने फिरवायचे, हे त्याला प्रत्येक लिपीसाठी वेगळे दाखवावे लागते. गोष्ट वाचून दाखवताना ओळीखालून बोट फिरवले, रस्त्यातल्या दुकानाची पाटी किंवा बसवरचे गावाचे नाव त्याला दाखवले, तरी पुष्कळ काम होते. छापलेल्या खुणांत बोलणे दडलेले असते, हे त्याला उमगले की अर्धी वाट सरली.

१९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. तेथे नाव झाले, शिक्षिका तयार होऊ लागल्या. पण त्यांचे खरे मोठेपण मला त्यानंतर दिसते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. या अनुताईंनी आधी काही वर्षे आपल्याच नाशिक जिल्ह्यात खेड्यातील शाळेत नोकरी केली होती. बोर्डीला महागडी साधने कोठून आणायची? शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथून रूढ झाला.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. येथील मुलांची घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी. शिवाय थोरली मुले गुरे राखत आणि धाकट्या भावंडांना सांभाळत. त्यांना शाळेत येत नाहीत म्हणून दोष देण्याऐवजी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणण्यात आली. ज्यांना गुरे सोडता येत नव्हती, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. कोसबादचे काम अनुताईंनी पुढे चालवले. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी हेच.